हंगामाअखेरचा व्हाइटटेल नर : दक्षिण आयोवातील एका शेताचे प्रकरण

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात व्हाइटटेल हरणाच्या शिकारीविषयी जे लिहिले-बोलले जाते, त्यातील बहुतेक भाग नोव्हेंबर महिन्याचा असतो. तेव्हा माजाचा काळ ऐन भरात असतो, नर माद्यांच्या मागे भर दिवसा उघड्यावर हिंडतात आणि एरवी कमालीचा सावध असणारा हा प्राणी थोडे दिवस आपली सावधगिरी सोडतो. आयोवा राज्यात डिसेंबरच्या उत्तरार्धापासून १० जानेवारीपर्यंत ठासणीच्या बंदुकीचा जो उशिराचा हंगाम असतो, त्यात यातील काहीच शिल्लक राहिलेले नसते. माज ओसरलेला असतो, डिसेंबरमधले शॉटगनचे दोन हंगाम उरकलेले असतात, रान निष्पर्ण झालेले असते आणि मागे उरलेली हरणे माणसाच्या वाऱ्यालाही उभी राहत नाहीत. पुढे मांडलेले प्रकरण अशाच एका हंगामाच्या शेवटच्या टप्प्याचे आहे.

शिकारी म्हणजे माझे एक मराठी स्नेही. ते डेस मॉइन्स शहराजवळ बरीच वर्षे राहतात, व्यवसायाने अभियंता आहेत आणि राज्याचे रहिवासी म्हणून त्यांच्याकडे या हंगामाचा, नर किंवा मादी कोणतेही एक हरीण घेण्याचा परवाना होता. १ जानेवारी १९७२ नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला आयोवात शिकारीच्या परवान्याआधी सुरक्षा-प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. तेही त्यांनी पूर्वीच केले होते. बंदूक आणि निर्णय त्यांचे होते, मी नोंदी ठेवण्यासाठी सोबत होतो. या प्रकरणातून मला जे ठामपणे म्हणावेसे वाटते ते असे : उशिराच्या हंगामात बसायची जागा शोधणे हे काम तुलनेने सोपे असते, कारण अन्न कोठे उरले आहे हे दुरूनही दिसते, अवघड असते ते हरणांना न कळता त्या जागी पोहोचणे आणि त्याहून अवघड असते अंधार पडल्यावर त्यांना न कळता तेथून निघणे. बहुतेक शिकारी या दुसऱ्या अर्ध्या भागाचा विचारच करीत नाहीत आणि पहिल्याच संध्याकाळी चांगली जागा कायमची बिघडवून ठेवतात.

शेत आणि हरणे

शेत १६० एकरांचे, दक्षिण आयोवाच्या चढउतारांच्या प्रदेशातले. पश्चिमेकडे दक्षिणाभिमुख उतारावर लाल सिडारची गच्च जाळी, तिच्या वर ओकचे जुने रान, खाली दक्षिणेला ओढा. मधल्या सपाटीवरचा मका ऑक्टोबरात निघाला होता. सपाटीच्या पूर्व भागात मात्र सुमारे दोन एकरांचा सोयाबीनचा पट्टा न कापता उभा ठेवलेला होता. त्या पिकाची किंमत माझ्या स्नेह्यांनी शेतमालकाला आधीच चुकती केली होती. आयोवात आमिष टाकून हरणाची शिकार करणे बेकायदा आहे, पण पेरलेले पीक शेतात उभे ठेवणे आमिषात मोडत नाही. पूर्वेच्या कुंपणाला लागून पांदण जाते, आणि शेतमालक रोज दुपारी त्याच पांदणीने पिकअप गाडी घेऊन पलीकडच्या कुरणातील गुरांना वैरण घालायला येतो. ही शेवटची गोष्ट या प्रकरणात पुढे फार महत्त्वाची ठरली.

शॉटगनच्या हंगामात आयोवात गटाने शिकार करण्याची प्रथा आहे. काही जण रानातून हाका घालीत चालतात आणि बाकीचे वाटा धरून उभे राहतात. असा हाका शेजारच्या दोन्ही शेतांवर झाला होता. त्यानंतर हरणांच्या दिनक्रमात जो फरक पडला तो कुंपणाला बांधलेल्या कॅमेऱ्यात स्वच्छ दिसत होता. माद्या आणि त्यांची पाडसे सोयाबीनवर संध्याकाळी येत होती, मात्र सूर्य मावळून गेल्यावर. आणि ज्या वयस्क नरावर सगळे लक्ष होते तो रात्री आठनंतर आणि पहाटे चारच्या आत एवढाच दिसत होता. कॅमेऱ्यातील चित्रे आणण्याचे काम शेतमालकच वैरण घालायला येताना करीत असल्यामुळे त्या पट्ट्याजवळ आमच्या पावलांचा गंध एकदाही पडला नव्हता. माझ्या मते हा निर्णय पुढच्या सगळ्या सामग्रीहून मोलाचा होता.

त्या नराला दिवसाउजेडी बाहेर काढणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे भूक. माजाच्या काळात व्हाइटटेल नर खाणे जवळजवळ विसरतो आणि आपल्या वजनाचा पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, गमावतो. डिसेंबर उजाडतो तेव्हा त्याच्या अंगावरची शरदातली चरबी उतरलेली असते आणि पुढे थंडीचे दोन-तीन महिने असतात. निसर्गाने त्याला काही सोयी दिल्या आहेत : हिवाळ्यातील करड्या लोकरीचे बाहेरचे केस पोकळ असतात आणि त्यांत हवा अडकून राहते, शरीराची ऊर्जेची गरज काही प्रमाणात उतरते, हालचाल कमी होते. तरीही हिशेब तोट्याचाच राहतो, आणि म्हणून कमी चालून जास्त पोषण मिळेल अशी जागा तो सोडत नाही. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल असते. जमिनीवर सांडलेला मका बर्फाखाली गाडला जातो, पण उभ्या झाडावरच्या सुक्या शेंगा बर्फाच्या वर राहतात आणि हरणाला खुरांनी उकरण्याचे कष्ट पडत नाहीत. दोन एकरांच्या या पट्ट्यावर आजूबाजूच्या सगळ्या रानातली हरणे का जमत होती, याचे उत्तर एवढे सरळ होते.

येथे एक मर्यादा नोंदवायला हवी. उत्तर विस्कॉन्सिन किंवा मिनेसोटात, जेथे बर्फ गुडघ्याच्या वर साचते, हरणे हिवाळ्यात सदाहरित वृक्षांच्या दाट आश्रयस्थानांत गोळा होतात आणि शेतापेक्षा झाडांचा पाला व कोवळ्या फांद्यांवर तग धरतात. विस्कॉन्सिनमध्ये हिवाळ्याची तीव्रता मोजताना १८ इंचांहून अधिक बर्फाचे आणि शून्य फॅरनहाइटखालच्या तापमानाचे दिवस मोजतात, ते याच कारणाने. तेथील हरणाला हंगामाअखेर उठवणे म्हणजे त्याच्या जगण्याच्या शिल्लकीतून वजाबाकी करणे होय. दक्षिण आयोवातील हिवाळा त्या मानाने सौम्य असतो आणि शेतीमुळे अन्नही मुबलक असते. या प्रकरणातील निष्कर्ष अशाच शेतीप्रधान मुलुखापुरते घ्यावेत.

महाराष्ट्रातील वाचकाला हा सगळा खटाटोप परका वाटणे स्वाभाविक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे चितळ-सांबराच्या शिकारीचा विषय संपला आणि तो संपायलाच हवा होता. आयोवातील इतिहास मात्र निराळ्या वळणाने गेला. तेथे बेसुमार शिकारीने हरीण जवळजवळ नाहीसे झाले तेव्हा १८९८ साली हंगाम कायद्याने बंद करण्यात आला. हरणे पुन्हा वाढल्यावर १९५३ साली पहिला आधुनिक हंगाम उघडला आणि त्यात सुमारे ४,००० हरणे घेतली गेली. आज लांडगा आणि प्यूमा त्या मुलुखातून गेलेले आहेत, पिकांचे नुकसान आणि रस्त्यांवरचे अपघात हे नित्याचे झाले आहेत, आणि संख्या आवरण्याचे मुख्य साधन परवान्याची शिकार हेच आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका व दारूगोळ्यावरचा कर वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांकडे जातो. ही व्यवस्था निर्दोष आहे असे माझे म्हणणे नाही. पण ज्या शिकाऱ्याला ती ठाऊक नाही त्याने बंदूक हाती घेऊ नये, असे मला वाटते.

मचाण सोडून लपण

शेतावर एक जुने मचाण होते. सिडारची जाळी आणि सोयाबीन यांच्या मधोमध, उताराच्या कडेला, ओकच्या बुंध्यावर ते बांधलेले होते आणि आधीच्या शिकाऱ्यांनी नोव्हेंबरात तेथून यश मिळवले होते. नकाशा पाहणारा कोणीही हीच जागा निवडेल, कारण हरणांची मुख्य वाट तेथून जेमतेम तीस मीटरवर आहे आणि थंडीच्या लाटेबरोबर येणारा वायव्येचा वारा मचाणावरून वाटेच्या आडव्या दिशेला वाहतो. माझ्या स्नेह्यांनी ती नाकारली आणि त्यामागचे कारण तपशिलाने सांगण्यासारखे आहे.

तिकडे मिल्कवीड नावाची वनस्पती शेताच्या बांधांवर सर्वत्र उगवते. ती आपल्या रुईच्याच कुळातली आहे आणि तिच्या सुक्या फळातून रुईच्या म्हाताऱ्यांसारखेच रेशमी तंतू बाहेर पडतात. शिकारी हे तंतू डबीत भरून ठेवतात, कारण हवेत सोडलेला एक तंतू नजर पोहोचेल तेथपर्यंत हवेचा प्रवास दाखवतो. शॉटगनचा हंगाम सुरू होण्याच्या बरेच आधी, एका निरभ्र संध्याकाळी, त्यांनी मचाणाखाली उभे राहून सूर्यास्ताच्या आधी आणि नंतर असे तंतू सोडून पाहिले होते. सूर्य वर असताना तंतू वाऱ्याबरोबर सपाटीवरून आग्नेयेकडे निघून गेले. सूर्य टेकला आणि वारा पडला. त्यानंतर सोडलेला तंतू क्षणभर जागेवर तरंगला, मग उताराला लागून हळूहळू खाली घसरला आणि सिडारच्या पायथ्याशी असलेल्या खोलगट घळीत जाऊन थांबला. त्यामागून सोडलेले सगळे तंतू त्याच घळीत गेले. थंड होणारी हवा जड होते आणि पाण्यासारखी उताराने खाली वाहते, हे पुस्तकातले ज्ञान येथे डोळ्यांसमोर घडत होते. आता हरणांची सवय पाहा : सोयाबीनवर येण्यापूर्वी ती याच घळीत येऊन थबकतात, पुढची मादी वास घेते, कान फिरवते आणि खात्री पटल्यावरच बाकीची बाहेर पडतात. म्हणजे मचाणावरच्या माणसाचा गंध दिवसभर दुसरीकडे जाईल आणि नेमक्या निर्णायक अर्ध्या तासात, नेमक्या निर्णायक जागी साचेल. नोव्हेंबरात ही जागा चालली कारण माजावरचा नर दुपारीच वाट ओलांडत होता. जानेवारीत ती चालणे शक्य नव्हते.

म्हणून पूर्वेच्या कुंपणालगत, गवताच्या गोल गठ्ठ्यांच्या ओळीत एक कापडी लपण उभारले. ते नोव्हेंबरच्या अखेरीसच शेतमालकाने आपल्या गाडीतून नेऊन ठेवले होते, जेणेकरून हरणांना ते गठ्ठ्यांचाच भाग वाटावे; बंदुकीच्या हंगामात नियमाप्रमाणे दिसायला हवा तो नारिंगी पट्टाही त्यावर लावलेला होता. लपणापासून सोयाबीनची जवळची कड साठ मीटर, आणि घळीकडून येणारी वाट पट्ट्यात उतरते ते तोंड सुमारे १४० मीटर. म्हणजे लांबून, पण आपला गंध शेताबाहेर ठेवून बसायचे असा हा सौदा होता. वायव्येचा वारा हरणांकडून आमच्याकडे, आणि आमच्याकडून पांदणीपलीकडे. वारा पडल्यावरही लपणामागची जमीन पूर्वेला रस्त्याच्या चराकडे उतरती असल्यामुळे थंड हवा तिकडेच वाहणार. अंतर वाढल्याने नेम अवघड झाला हे खरे, पण टेकू घेऊन, बसून, शांतपणे मारलेला लांबचा बार हा जवळच्या बिथरलेल्या हरणावर घाईने मारलेल्या बारापेक्षा केव्हाही चांगला.

बंदूक, कपडे आणि थंडी

या हंगामाची बंदूक ठासणीची असते, म्हणजे दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासून भरायची आणि बार एकच. माझ्या स्नेह्यांची बंदूक .५० कॅलिबरची, आधुनिक घडणीची होती. तिच्यात मापाने १०० ग्रेन (दारू-गोळी मोजण्याचे छोटे एकक) दारू, प्लास्टिकच्या वेष्टणातील २५० ग्रेनची गोळी आणि मागे शॉटगनचा २०९ क्रमांकाचा प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, असा बार भरलेला असे. अशी गोळी नळीतून सेकंदाला साधारण ६०० मीटर वेगाने निघते. १०० यार्डांवर नेम जुळवला तर १५० यार्डांवर ती सुमारे दहा सेंटीमीटर खाली बसते. त्या पलीकडे ती फार वेगाने पडू लागते. त्यामुळे १५० यार्ड, म्हणजे १३७ मीटर, ही मर्यादा आधीच ठरवून टाकली होती आणि लपणातून दिसणाऱ्या खुंटांची अंतरे मोजून कागदावर लिहून ठेवली होती. वाटेचे तोंड या मर्यादेच्या किंचित बाहेर पडत होते. याचा अर्थ असा, की हरीण पट्ट्यात थोडे आत येईपर्यंत थांबणे भाग होते.

थंडीत ठासणीची बंदूक दगा देते ती बहुधा ओलाव्यामुळे किंवा तेलामुळे. गारठलेली बंदूक उबदार घरात आणली की धातूवर आतबाहेर दव धरते आणि दारू दमट होते. म्हणून भरलेली बंदूक प्रायमर काढून, कुलूपबंद, न तापवलेल्या खोलीतच ठेवली जात असे. साफसफाईनंतर नळीत राहिलेले तेल गारठून घट्ट होते आणि प्रायमरची ठिणगी दारूपर्यंत पोहोचू देत नाही, यासाठी भरण्यापूर्वी नळी कोरडी पुसून मोकळे प्रायमर उडवून घ्यायचे. तरीही चाप ओढल्यावर बार झाला नाही, तर किमान एक मिनिट नळी सुरक्षित दिशेलाच रोखून धरायची, कारण बार उशिरा होण्याची शक्यता असते. हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम लिहीत आहे. बोटे बधिर झालेल्या माणसाचा पहिला मोह बंदूक खाली करून पाहण्याचा असतो.

कपड्यांविषयी एकच तत्त्व सांगण्यासारखे आहे : जाताना घाम येता कामा नये. अंगावर मेरिनो लोकरीचा पातळ थर आणि त्यावर साधे जाकीट एवढ्यावरच चालत जायचे, थोडी थंडी वाजू द्यायची, आणि जाड जाकीट, जाड पाटलोण हे सगळे पिशवीतून नेऊन लपणात पोहोचल्यावर, अंग निवल्यावर चढवायचे. फेल्टचे अस्तर असलेले बूट, कमरेला बांधायचा हात घालण्याचा मफ आणि त्यात लोहाच्या भुकटीच्या गरम पुड्या. जाड हातमोजे घालून चाप नीट जाणवत नाही, म्हणून पातळ मोजे आणि मफ ही जोडीच कामाची. श्वासाची वाफ दुर्बिणीच्या भिंगावर गोठते, ती मानेवरचा गळपट्टा नाकावर ओढून खाली वळवावी लागते. बाकीची सामग्री, ज्यावर दुकानांतून पुष्कळ पैसा खर्च होतो, या शेतावर एकदाही पिशवीबाहेर निघाली नाही.

पहिली बैठक आणि निघण्याची वाट

पहिल्या बैठकीच्या दिवशी थंडी बेताची होती, शून्याच्या आसपास. लपणात जाणे शेतमालकाच्या गाडीतून झाले. तो रोजच्या वेळी वैरण घेऊन निघाला, बंदूक प्रायमर काढून केसमध्ये बंद होती, आणि गठ्ठ्यांच्या आड गाडी क्षणभर थांबवून त्याने आम्हाला उतरवले. सिडारमधून पाहणाऱ्या हरणांच्या दृष्टीने गाडी रोजच्यासारखी आली आणि रोजच्यासारखी गेली. चालत गेलो असतो तर गोठून कडक झालेल्या बर्फाच्या पापुद्र्यावर प्रत्येक पाऊल काच फुटावी तसे वाजले असते.

सूर्यास्त पाचच्या थोडा आधी होता आणि नियमाप्रमाणे बार मारण्याची वेळ सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने संपत होती. सूर्य टेकताच एक थोराड मादी घळीच्या तोंडाशी दिसली. ती तेथे इतका वेळ निश्चल उभी राहिली की दुर्बिणीतून तिच्या नाकपुड्यांतली वाफ सोडल्यास काही हलत नव्हते. मग ती पट्ट्यात आली आणि तिच्यामागून दोन पाडसे, आणखी माद्या, एक कोवळा नर. मुख्य नर आला नाही. वेळ संपली तेव्हा बंदुकीचा प्रायमर काढला गेला आणि ती केसमध्ये गेली.

आता साठ-सत्तर मीटरवर हरणांचा कळप चरत होता आणि आम्हाला उठायचे होते. लपणातून बाहेर पडलो असतो तर पहिल्या मादीने पाय आपटला असता, फुत्कार टाकला असता, सगळ्या शेपट्या पांढऱ्या निशाणासारख्या उभारून रानात शिरल्या असत्या, आणि त्या गोल गठ्ठ्यांमध्ये माणूस असतो हे त्या मादीच्या कायमचे लक्षात राहिले असते. व्हाइटटेलच्या हिवाळी कळपाचे नेतृत्व अशा वयस्क माद्यांकडे असते. ती एक बिघडली की तिच्यामागून चालणारी सगळीच बिघडतात, आणि तिच्या वर्तनाकडे पाहून पाऊल टाकणारा नरही. ठरल्याप्रमाणे शेतमालक काळोख पुरता पडल्यावर गाडी घेऊन पांदणीने आला. दिवे दिसताच हरणांनी माना वर केल्या, गाडी जवळ आल्यावर ती संथ पावलांनी घळीकडे सरकली. गाडीपासून दूर होणे हा त्यांचा रोजचाच व्यवहार. शेत मोकळे झाले तेव्हा आम्ही गाडीत चढलो. त्याच रात्री दहा वाजता सगळा कळप पुन्हा सोयाबीनवर होता, हे नंतर कॅमेऱ्याने दाखवले. म्हणजे गाडीने त्यांच्या मनात काहीच किंतु ठेवला नव्हता.

त्यानंतरचे काही दिवस मुद्दाम कोणीही शेतावर गेले नाही. हंगाम संपत आला असताना घरी बसून राहणे अनेकांना जमत नाही, पण हवामान उबदार असताना घेतलेली प्रत्येक बैठक धोका वाढवते आणि लाभ शून्य असतो. हवामानाचा अंदाज उत्तरेकडून थंडीची लाट येणार असे सांगत होता आणि आम्ही तिची वाट पाहिली.

लाट आली ती संध्याकाळ

लाटेबरोबर हलके बर्फ पडून गेले आणि दुसऱ्या दिवशी आकाश निवळले. दुपारी तापमान उणे १४ अंश सेल्सिअस होते, वारा वायव्येचा आणि स्थिर. अशा दिवशी हरणाला पहाटेच्या कडाक्यात चरण्यापेक्षा उन्हाच्या उत्तरार्धात चरणे परवडते, कारण तेव्हा चालण्या-उभे राहण्यात उष्णता कमी खर्च होते. पहिल्या मादीला घळीतून बाहेर पडायला सूर्यास्ताची गरज लागली नाही. ती चारच्या सुमारासच पट्ट्यात होती, आणि तिचे थबकणेही थोडक्यात आटोपले.

नर सूर्य बुडाल्यावर काही मिनिटांतच आला. तो वाटेने आला नाही, घळीच्या उत्तर कडेवरून आला आणि पट्ट्याच्या टोकाशी थांबून माद्यांकडे पाहत राहिला. शिंगे अजून डोक्यावर होती. जानेवारी-फेब्रुवारीत ती गळायला लागतात, त्यामुळे ही खात्री पाहून करून घ्यावी लागते. मान माजातल्या फुगीरपणातून उतरली होती आणि फऱ्याच्या मागे खळगा पडलेला दिसत होता. अंतर मर्यादेच्या बाहेर होते. पुढची पाच-सहा मिनिटे तो शेंगा ओरबाडीत आमच्या दिशेने तिरका येत राहिला, छाती आमच्याकडे आणि एक मादी त्याच्यामागे सरळ रेषेत. या स्थितीत गोळी आरपार जाऊन मादीला लागली असती, म्हणून बार घेतला गेला नाही. मादी पुढे सरकली. नर वळून आडवा झाला, जवळचा पुढचा पाय त्याने एक पाऊल पुढे टाकला आणि छातीची बाजू मोकळी झाली. खुंटाच्या मोजमापावरून अंतर ११० मीटर. बंदूक तिकाटण्यावर टेकलेली होती. पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या एक-तृतीयांश भागावर नेम धरून बार झाला आणि धुराने खिडकीपुढचे सगळे झाकून टाकले.

धूर विरेपर्यंत तो कोठे गेला हे शिकाऱ्याला दिसत नाही, आणि म्हणून ते काम सोबत्याचे असते. मी बाजूच्या फटीतून पाहत होतो : नराने मागचे पाय झाडले, शेपटी खाली दाबून तो घळीकडे धावला आणि सिडारच्या कडेला दिसेनासा झाला. शेपटी खाली दाबून धावणे हे लागल्याचे चांगले लक्षण मानतात, पण त्यावर विसंबून लगेच उठू नये. बंदूक पुन्हा भरली, त्या थंडीत त्याला मिनिटभर लागले, आणि अर्धा तास थांबलो. माग काढताना बर्फाने काम सोपे केले. पहिल्या रक्तात बुडबुडे होते आणि रंग गुलाबीसर होता, म्हणजे फुप्फुस. सुमारे ऐंशी मीटरवर, जाळीत शिरण्याआधीच, नर मरून पडला होता. रक्त गडद आणि त्यात हिरवट अंश असता, तर पोटाला लागले असे समजून कित्येक तास मागे थांबावे लागले असते, कारण उठवलेले जखमी हरीण मैलभर जाते आणि हाती लागत नाही.

बारानंतर

नियमाप्रमाणे हलवण्यापूर्वी शिंगाला टॅग बांधला गेला आणि दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीच्या मुदतीआधी राज्याच्या नैसर्गिक संपदा खात्याकडे नोंद झाली. आतडी तेथेच काढून धूड घसरगाडीवर ओढून आणले. येथे थंडीचा एक कमी माहीत असलेला धोका आहे. मेल्यानंतर स्नायू ताठरण्याची क्रिया पूर्ण होण्याआधीच मांस फार गार झाले, तर तंतू आखडतात आणि मांस चिवट होते. उणे चौदात उघड्यावर टांगलेल्या, सोललेल्या हरणाचे हेच होते. म्हणून कातडे न काढता धूड शेतमालकाच्या गोठ्याशेजारच्या खोलीत टांगले, जेथे तापमान गोठणबिंदूच्या किंचित वर राहते, आणि ताठरपणा उतरल्यावर मगच ते सोलले.

मानेतील लसिका ग्रंथींचा नमुना तपासणीसाठी दिला. आयोवातील रानटी हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा प्रायॉनचा, म्हणजे विकृत प्रथिनामुळे होणारा, हरणाला झिजवून मारणारा रोग २०१३ च्या हंगामात ईशान्येकडील अॅलमकी काउंटीत घेतलेल्या हरणात प्रथम आढळला आणि पुढे दक्षिणेकडील वेन काउंटीतही पोहोचला. माणसाला तो झाल्याचे अद्याप सिद्ध झालेले नाही, तरी रोगबाधित हरणाचे मांस खाऊ नये असा आरोग्ययंत्रणेचा सल्ला आहे, आणि प्रायॉन शिजवून नष्ट होत नाही. निकाल येईपर्यंत मांस वेगळ्या पाकिटांत खूण करून गोठवून ठेवले होते. निकाल निर्दोष आला. मग अर्धे मांस शेतमालकाच्या घरी गेले आणि उरलेल्यातील मांडीचे तुकडे काळ्या मसाल्यात, मंद आचेवर पुष्कळ वेळ शिजले; या मांसात चरबी नसल्यामुळे त्याला तेल आणि वेळ दोन्ही जास्त लागतात.

पुढच्या हंगामासाठी शेतमालकाशी बोलणे झाले आहे. नर मर्यादेबाहेर थबकला होता तो पट्ट्याच्या उत्तर टोकाशी, कारण घळीची ती कड उघडी आहे आणि तेथून त्याला सगळे शेत दिसते. उभा ठेवायचा पट्टा तीस मीटर पूर्वेला सरकवून पांदणीला समांतर घेतला आणि उत्तर टोकाशी स्विचग्रास या उंच गवताची पट्टी लावली, तर हरणाला आडोसा मिळेल आणि लपणही जागचे हलवावे लागणार नाही. स्विचग्रास पहिल्या वर्षी पुरेसे उंच होत नाही, म्हणून तोवर त्या जागी मक्याच्या चार ओळी उभ्या ठेवायचे ठरले आहे. पेरणी एप्रिल-मेमध्ये होते, तेव्हा आखणी त्याआधी, बर्फ वितळल्यावर लगेच करावी लागेल. त्याच वेळी नरांची गळलेली शिंगे शोधत रानातून हिंडता येते आणि जिवंत राहिलेली हरणे हिवाळ्यात नेमकी कोणत्या वाटांनी वावरली तेही कळते.